सोनाक्काची माती

"मावशी, तुम्ही जिवंत असल्याचा काही पुरावा आणलाय का?" म्हात्रे भाऊसाहेबांनी मान वर न करता विचारलं.

सोनाक्का माझ्याकडं वळली. "ह्यो काय इचारतोय गं शालन? मी हितं हुबी हाय न्हवं?"

"आधार कार्ड मागत्यात, अक्का."

"आधार असला तर मग निराधारचा पगार कशाला मागितला असता?" असं म्हणत तिनं पिशवीतून कार्ड काढलं आणि टेबलावर आपटलं. चावडीत बसलेले दोघं-तिघं हसले. म्हात्रे हसले नाहीत. ते नवीन तलाठी, डोंबिवलीत वाढलेले, आमच्या गावात येऊन दोनच महिने झालेले. गावाला हसावं की गावावर रागवावं, हे त्यांचं अजून ठरलं नव्हतं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तेव्हा पिठाची गिरणी मी स्वतः चालवत होते आणि सोनाक्का माझी भिंतीला भिंत लावून शेजारीण होती. नवरा ज्ञानू सुतार जाऊन बराच काळ लोटलेला, मूलबाळ नाही. तिला महिन्याला सहाशे रुपये निराधार योजनेचे मिळायचे. सरकार त्याला अनुदान म्हणतं. आमच्याकडं सगळे पगार म्हणतात. जन्मात कधी पगार न पाहिलेल्या बायकांना तो शब्द उच्चारायला फार आवडायचा. वर्षातून एकदा मात्र चावडीत जाऊन आपण हयात असल्याचं दाखवायला लागायचं. मी दहावी शिकलेली म्हणून सोबतीला जायचे.

म्हात्रेंनी पासबुकाची झेरॉक्स हातात घेतली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"बारा हजार शिल्लक? मावशी, पगार सहाशे आणि शिल्लक बारा हजार? हे पैसे कुठले?"

"मातीचं हायती," सोनाक्का म्हणाली.

"मातीचे?"

"व्हय. माझ्याच मातीचं. दुसऱ्या कुणाचं न्हाईत."

"दर वर्षी मिळतात का?"

"साठवल्यावर मिळत्यात की. कवा हजार, कवा दीड हजार. बेदाण्याच्या शेडवर काम लागलं तर जास्ती."

"आणि हे किती वर्षं चाललंय?"

"मालक गेल्यापास्नं."

म्हात्रेंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मी शेजारीच उभी होते, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अंगठा घेतला, हयातीचा शिक्का मारला, आणि आम्ही येताना बाजारातून मिरच्या घेऊन घरी आलो.

पुढच्या महिन्यात पगार आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बँकेतला माणूस म्हणाला, वरूनच बंद झालाय, चावडीत विचारा. दिवाळी तोंडावर आली होती. सोनाक्काच्या गुडघ्यांनी त्या वर्षी दगा दिला होता, त्यामुळं शेडवर बेदाणा निवडायला जाणं सुटलं होतं. रेशनचे गहू मी दळून द्यायचे, त्याचं काही नाही; पण तेल, मीठ, रक्तदाबाच्या गोळ्या हे सगळं त्या सहाशेवरच चालायचं.

आम्ही चावडीत गेलो तेव्हा हणमंतआबा जगदाळे खुर्ची टाकून बसले होते. आबा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, आणि निराधारांची नावं ठरवणाऱ्या समितीतही तेच. खुर्ची कुणाचीही असो, आबा आले की ती आबांची व्हायची.

"तुमचं उत्पन्न मर्यादेच्या वर जातंय, मावशी," म्हात्रे म्हणाले. "माती विकून पैसे मिळतात, असं तुम्ही स्वतःच सांगितलंत. मी तसा अहवाल दिला."

"माती इकून?" सोनाक्काला काही कळेना.

मला एकदम उलगडा झाला आणि मी भर चावडीत हसत सुटले. नदीकाठच्या वीटभट्टीवाल्यांना चोरून माती विकणाऱ्यांवर म्हात्रेंनी त्याच महिन्यात दंड बसवला होता. त्यांच्या डोक्यात तीच माती.

"भाऊसाहेब, तसली माती न्हवं! आमच्याकडं माणूस गेलं की म्हणत्यात, आज त्यांची माती हाय, मातीला जायचंय. अक्कानं आपल्या मयताचा खर्च साठवलाय हो. सरण, कापड, त्याचा."

म्हात्रेंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. बिचारे खरोखर ओशाळले. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, परत उचललं.

"मला तो शब्द माहीत नव्हता," ते म्हणाले. "मी दुरुस्ती करून पाठवतो. पण मावशी, शिल्लक तर आहेच ना? कशासाठीही असो, खात्यावर बारा हजार पडून आहेत. समिती म्हणते, पैसा बाळगून असलेली बाई निराधार कशी?"

"समिती म्हंजे मीच की," आबा म्हणाले. "सोने, कायदा हाय तो. मी काय करणार? पर मार्ग काढू आपण. ते पैसं काढ आणि माझ्या सुनंच्या खात्यावर टाक. तुझं खातं मोकळं, तुझा पगार चालू. तू गेल्यावर तुझी माती आम्हीच करणार न्हवं का? ज्ञानूची कुणी केली? लाकडं कुणी घातली?"

चावडीतल्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य गावानं इतक्या वेळा ऐकलं होतं की ते पाठ झालं होतं. ग्रामसभेत, लग्नात, जत्रेत, सोनाक्का समोर दिसली की आबांना ज्ञानू सुताराच्या सरणाची आठवण यायची. तिनं एकदा मजुरीचे राहिलेले पैसे मागितले, तेव्हाही आली होती.

"तुमीच घातली, आबा," सोनाक्का म्हणाली. "मी इसरले न्हाई."

ती उठली आणि गुडघ्यावर हात ठेवत ठेवत बाहेर पडली.

वाटेत मी तिला समजावत होते. पैसे दुसऱ्याच्या नावावर टाकायचे आणि आपण निराधार व्हायचं, हा आमच्या गावातला जुनाच उद्योग. तीन-तीन मुलगे पुण्यात नोकरीला असलेले म्हातारे यादीत सुखानं नांदत होते, त्यांना कुणी हटकत नव्हतं.

"आबाच्या सुनंला नगं, माझ्या खात्यावर टाक," मी म्हणाले. "मी काय खाणार हाय व्हय तुझं पैसं?"

"तुझ्यावर इस्वास हाय गं. पर माझी माती मी दुसऱ्याच्या नावावर न्हाई ठिवायची."

"मग दे सोडून पगार."

"का सोडू? सरकार देतंय, आबा न्हाई देत. माझा हक हाय त्यो."

"दोन्ही कसं जमंल, अक्का? पगार बंद राहिला तर तेच बारा हजार मोडून खायला लागतील."

ती रस्त्याच्या मधोमध थांबली. "त्येच म्हणते मी. खाल्लं तर माती न्हाई, आणि न्हाई खाल्लं तर मी न्हाई. बरा कायदा हाय!"

दोन दिवस ती गिरणीकडं फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी गिरणीत आली, पट्टा फिरत असतानाच माझ्या कानाशी ओरडली, "शालन, पासबुकात लाकूड उमटतं का गं?"

"काय उमटतं?"

"लाकूड. माझ्याकडं लाकूड असलं, तर ते त्या पासबुकात दिसतंय का?"

"न्हाई."

"मग गिरणी बंद कर आणि चल."

बँकेतून तिनं सगळे पैसे काढले. खातं चालू राहण्यापुरते काय ते ठेवले. तिथून थेट वखारीत. वखारवाला मोठ्या आदबीनं पुढं आला.

"या मावशी. काय बांधायचंय? गोठा का घर?"

"बांधायचं न्हाई. जाळायचंय."

"काय जाळायचंय?"

"मला," सोनाक्का म्हणाली. "बाभळ दावा. वाळल्याली. वली दिलीसा तर परत आणून टाकीन."

सुताराच्या घरात जन्म काढलेली बाई. एकेक ओंडका बोटाच्या पेरानं वाजवून बघत होती, कान लावत होती, नको असलेला पायानं बाजूला सारत होती. वखारवाला आधी हसत होता, मग त्यानं हसणं सोडलं आणि स्वतःच ओंडके उचलून तिच्यासमोर धरू लागला. ट्रॉली भरली. पत्र्याची पानं घेतली, कोरं कापड घेतलं, एक मडकं घेतलं. मी म्हणाले, "आणि तेराव्याचं जेवण?"

"जेवणाऱ्यांनी आपापल्या घरी जेवावं," ती म्हणाली.

ट्रॅक्टरवाल्याला तिनं मुद्दाम पेठेतून, आबांच्या वाड्यावरून घ्यायला लावलं. ती स्वतः वर लाकडांवर बसली, डोक्यावर पदर, मांडीत मडकं. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण खरं सांगते, आतून उकळ्याही फुटत होत्या. आबा ओसरीवर दात कोरत बसले होते.

"काय गं सोने, लगीन काढलंस का काय?"

"न्हाई आबा," ती वरून ओरडली, "माती काढलीया!"

तिच्या दारात, रस्त्याच्या कडेला, दगड मांडून त्यावर लाकडं रचली आणि वर पत्रे घातले. गावात बोंब झाली. जितं माणूस दारात स्वतःचं सरण रचतं, हे कुणी ऐकलं होतं? बायका पाण्याला लांबच्या वाटेनं जाऊ लागल्या. काहींनी मला सांगून पाहिलं की हिला समजाव, अपशकुन आहे. सोनाक्का दिवस मावळताना त्या लाकडांना टेकूनच बसायची आणि शेंगा फोडायची. थंडीत शेजारपाजारचे एखादा ओंडका शेकोटीला मागायला आले तर म्हणायची, "ह्यात माझा जीव हाय, बाबा. हात लावू नगस."

आबांनी तक्रार केलीच. म्हाताऱ्या बाईनं पैसे दडवलेत, मालमत्ता घेतलीय, चौकशी करा. म्हात्रे भाऊसाहेब कागद घेऊन तिच्या दारात आले. त्यांच्या मागे निम्मी आळी.

"खात्यावर आता किती आहेत, मावशी?"

"बघा की." तिनं पासबुक पुढं केलं.

"आणि हे?" त्यांनी लाकडांकडं बोट केलं.

"ही माझी माती. इकायची न्हाई, इकत घेतल्याली. लिवा. सरण, एक."

म्हात्रे लाकडांभोवती एक चक्कर मारून आले. पत्र्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी कागद गुडघ्यावर धरला आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "घरगुती वापरासाठी सर-पण."

"सरपण न्हवं, भाऊसाहेब," सोनाक्का म्हणाली. "सरण."

"मावशी, मला दोन शब्दांतला फरक फारसा कळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. एकदा तुमचा शब्द मी नकळत चुकवला आणि तुमचा पगार गेला. आज कळून चुकवू द्या."

मागं उभ्या असलेल्यांत कुणीतरी खुसकन हसलं. सोनाक्का म्हात्रेंकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बसा. च्या घेऊन जावा." त्या दिवसापासून म्हात्रे आमच्या गावचे झाले, असं मला वाटतं. संक्रांतीच्या आत पगार परत सुरू झाला, राहिलेल्या महिन्यांसकट.

त्यानंतरच्या श्रावणात कृष्णेला पाणी चढलं. पुलावर पाणी, रस्ता बंद, खालच्या अंगाची स्मशानभूमी पाण्यात. तिथं ठेवलेली लाकडं वाहून गेली, घराघरांतल्या जळणाच्या शेणी भिजून लगदा झाल्या. आणि नेमके त्याच दिवसांत हणमंतआबा गेले. रात्री जेवून झोपले, सकाळी उठलेच नाहीत.

दुपारपर्यंत गावभर धावाधाव चालली होती. वरच्या माळावर माती करायची ठरली, पण लाकूड कुठून आणायचं? आबांच्या शेडमधली लाकडं आणली, पण ती पिळली असती तर पाणी निघालं असतं. चारी बाजूंनी पाणी, वखारीचा रस्ता तुटलेला. साऱ्या गावाला माहीत होतं की कोरडं लाकूड फक्त एका दारात आहे. पण मागायला कुणाची जीभ रेटेना.

शेवटी आबांचा थोरला, रणधीर, डोक्यावर पोतं घेऊन आला. मी सोनाक्काच्या उंबऱ्यातच होते. तो दारात उभा राहिला, डोळे सुजलेले.

"अक्का, आबांना..." त्यानं डोक्यावरचं पोतं काढलं. "लाकडं पायजेत. दुप्पट देतो. तिप्पट देतो."

"पैसं नगं," सोनाक्का म्हणाली. "पैसं घेतलं की माझा पगार बंद हुतोय. तुझ्याच बापानं केल्याला कायदा हाय."

रणधीरनं मान खाली घातली. मला वाटलं, झालं, आता ही दार लावून घेणार. आणि लावून घेतलं असतं तरी मी तिला एक शब्द बोलले नसते.

"आत ये. भिजतुयास," ती म्हणाली. तो आत आला. "तुझ्या बापानं माझ्या मालकाला लाकडं घातली, हे तू किती येळा ऐकलंस?"

"लई येळा."

"मी बी. आता मी सांगते ते एकदाच ऐक. त्या दिवशी बी असाच पाऊस हुता. लाकडं घातली ती वली, आन् निम्मीच. राकेल वतलं, जाळ झाला, लोकं घरला गेली. मला कशी झोप येईल? फटफटायला एकटी गेले नदीवर. मालकाचं पाय तसंच हुतं, रणधीर. पार तसंच. जलमभर लाकडात हात घातल्याला माणूस, आन् त्याला लाकूड पुरलं न्हाई."

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"मग घरला आले. त्यांचं कामाचं बाकडं हुतं, ज्यावर बसून त्यांनी गावाच्या गाड्या, गावाची दारं केली, ते कुऱ्हाडीनं फोडलं. डोक्यावरनं न्हेलं आन् त्यावर त्यांना पुरं केलं. आजवर कुणाला बोलले न्हाई. बोलले असते तर तुझ्या बापाची अब्रू गेली असती, आन् माझ्या मालकाची बी."

मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. एवढी वर्षं भिंतीला भिंत, आणि हे मला माहीत नव्हतं. आबांचं ते वाक्य ऐकून मीसुद्धा कधीकधी मान डोलावली होती की, बरं झालं बाई, तेवढी तरी मदत केली.

रणधीर खाली वाकला. त्यानं तिच्या पायाकडं हात नेला, तिनं पाय मागं घेतले.

"पाया पडू नगस. उठ. माणसं बोलीव आन् लाकडं न्ये."

"थोडी न्हेतो, अक्का. तुमाला..."

"सगळी न्ये," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एक ओंडका माघारी ठिवू नगस. अर्ध्यात कुणाला सोडायचं नसतंय. तुझ्या बापाला बी न्हाई."

तासाभरात दार मोकळं झालं. नुसते पत्रे राहिले आणि खाली दगड. माळावरचा जाळ आमच्या दारातून दिसत होता; त्या पावसातसुद्धा सरळ वर चढला, एकदाही विझला नाही. सोनाक्का उंबऱ्यावर बसून शेवटपर्यंत बघत होती. तिच्या तोंडावर दुःख नव्हतं आणि आनंदही नव्हता. काम नीट झालंय का, हे बघतात तसं बघत होती.

दिवाळीपूर्वी परत चावडी. परत मी सोबतीला. म्हात्रेंनी या वेळी स्वतःच खुर्ची पुढं सरकवली, आबा बसायचे तीच.

"बसा मावशी. पासबुक?"

तिनं दिलं.

"शिल्लक काही नाही. आणि ते सरपण?"

"संपलं."

"दुसरं काही आहे का? दागिना, जनावर? विचारावं लागतं."

सोनाक्कानं जरा विचार केला. "शिल्लक न्हाई, भाऊसाहेब. पर येणं हाय."

म्हात्रेंचं पेन थांबलं. "येणं? कुणाकडून?"

"समद्या गावाकडनं."

"काय येणं आहे?"

"एक माती," सोनाक्का म्हणाली. "कोरडी, आन् पुरी. लिवा."

चावडीत बसलेल्या कुणीही हसलं नाही. दोघांनी माना खाली घातल्या, रणधीर त्यांत होता. म्हात्रेंनी तो शब्द या वेळी बरोबर ऐकला होता. त्यांनी रकान्याकडं पाहिलं, सोनाक्काकडं पाहिलं, पेनाचं टोपण लावलं, आणि तिच्या नावापुढं दाबून शिक्का मारला: हयात.